कांचेच्या पेटींतील समुद्र आणि त्यांतील परोपजीवी



मासळीबाजारांत गेलेली जाणती गृहिणी कोळणीच्या पाटींतला मासा उचलते आणि पहिल्याप्रथम त्याच्या कल्ल्यांवरचें झांकण बोटानें वर करून पाहते. कल्ले लालभडक असले तर मासा ताजा. फिके पडलेले असले तर ती तो मुकाट्यानें परत पाटींत टाकते. ही परीक्षा तिला कोणीं शाळेंत शिकविलेली नसते. आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे, त्याचा निम्मा भाग या एका कृतींत आलेला आहे. फरक इतकाच कीं, मी ज्या माशांविषयीं बोलणार आहें ते ताटांत येणारे नव्हेत, दिवाणखान्यांतील कांचेच्या पेटींत पोहणारे आहेत. आणि त्यांच्या कल्ल्यांस काय झालें आहे हें आपणांस बाहेरूनच ओळखावें लागतें.

गोड्या पाण्यांतील माशांच्या पेट्या आपल्याकडे पुष्कळ घरीं दिसतात. खाऱ्या पाण्याच्या पेट्या त्या मानानें थोड्या. कारण त्यांस खर्च फार, आणि चिकाटी त्याहून फार लागते. मुंबईच्या लोकांनीं समुद्रांतले रंगीबेरंगी मासे कांचेआड पाहिले ते बहुधा मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयांत. हें मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें. पुढें कृत्रिम समुद्रमीठ मिळूं लागलें आणि लिटरभर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम या हिशेबानें तें विरघळवून घरांतच समुद्र तयार करणें शक्य झालें.

परंतु एक भेद आरंभींच ध्यानांत घेतला पाहिजे. गोड्या पाण्यांतले शोभेचे मासे बहुतेक हौदांत पैदा केलेले असतात. समुद्रांतले मासे मात्र, क्लाउनफिशसारख्या कांहीं जाती सोडल्या, तर बहुतेक प्रवाळांच्या खडकांभोंवतालून धरून आणलेले असतात. त्यांतला एखादा आपल्या घरीं मेला, म्हणजे खऱ्या समुद्रांतला एक मासा कमी झाला; आणि त्याच्या जागीं दुसरा हवा असेल तर पुन्हां त्याच समुद्रांत जाळें पडणार. हा विचार मला नेहमीं अस्वस्थ करतो. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांस तर आपल्या देशांत २००१ सालापासून वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याचें संरक्षण आहे; ते घरांत बाळगण्याचा मोह कोणीं धरूं नये. जे मासे आपण आणतो, त्यांचें आयुष्य पुरें होईल इतकी तरी काळजी घेणें आपल्याकडे येतें. आणि हे मासे मरतात ते पुष्कळ वेळां उपाशीपणानें नव्हे, वयानें नव्हे, तर परोपजीवी जंतूंनीं.

आतां कोणी म्हणेल कीं, समुद्रांत हे जंतु नसतात काय? असतात. धरून आणलेल्या माशाच्या अंगावर एखाददुसरा जंतु नेहमींच असतो, आणि मासा त्याच्यासह सुखानें जगत असतो. परोपजीवी जंतूचीं शेंकडों पिलें पाण्यांत सुटतात, परंतु अफाट समुद्रांत त्यांतल्या एकदोघांसच दुसरा मासा गांठतां येतो; बाकीचीं उपाशी मरतात. दोनशें लिटरच्या पेटींत मासा कोठें जाणार? तेथें ज्या पिलाला जावयाचें असेल त्याला मासा हाताशीं आहे. मुंबईच्या एका खोलींत दहा माणसें राहिलीं म्हणजे एकाचा खोकला सर्वांस होतो, तसाच हा प्रकार.

या जंतूंपैकीं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा. याचें शास्त्रीय नांव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. जपानांत सिकामा या संशोधकानें १९३७ सालीं याचें वर्णन केलें आणि ब्राउन यांनीं १९५१ सालीं त्यास आजचें नांव दिलें. हा एकपेशीय प्राणी असून त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतु असतात व त्यांच्या योगें तो हालचाल करतो. माशाच्या अंगावर, परांवर, रव्याचे कण चिकटावेत तसे सुटेसुटे पांढरे ठिपके दिसतात. मासा वाळूवर, दगडावर अंग घासतो. येथपर्यंत सर्वांस ठाऊक असतें. जें ठाऊक नसतें तें पुढचें आहे, आणि तेंच सर्वांत महत्त्वाचें असल्यामुळें मी त्यावर जरा रेंगाळणार आहें.

समजा, सोमवारीं सकाळीं आपल्या पिवळ्या टँग माशावर दहा-बारा ठिपके दिसले. घरांत धावपळ झाली. कोणीं सांगितलें, खाण्याला लसणीचा रस चोळून द्या. कोणीं सांगितलें, पाणी गरम करा. कोणीं दुकानांतून एक निळी बाटली आणून चार थेंब टाकले. शुक्रवारीं पाहिलें तों मासा स्वच्छ! ठिपका म्हणून औषधाला नाहीं. लसणीचा जयजयकार झाला, आणि शेजाऱ्यांस ती कृति लिहून देण्यांत आली.

आतां खरोखर काय झालें तें पाहा. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या वरच्या थराखालीं शिरून बसलेला आणि तेथें त्याच्या पेशी खात असलेला जंतु. तो तेथें तीन ते सात दिवसच राहतो. पोट भरलें कीं तो आपण होऊन माशास सोडतो, आणि तेंही बहुधा अंधारांत. खालीं जाऊन कांहीं तास सरपटतो आणि मग वाळूस, दगडास, कांचेस चिकटून आपल्याभोंवतीं टणक कवच करून घेतो. त्या कवचांत त्याचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ असे तुकडे होत होत दोनशेंपर्यंत आणि कधीं त्याहून अधिक पिलें तयार होतात. कोणतें कवच तिसऱ्या दिवशीं फुटतें, कोणतें दहाव्या, कोणतें अठ्ठाविसाव्या. थंड पाण्यांत एका प्रयोगांत तर कांहीं ७२ दिवसांपर्यंत फुटत राहिलीं. पिलें बाहेर पडतात तींही अंधारांत, जेव्हां मासा तळाशीं निजलेला असतो. दिवसा-दीड दिवसांत मासा न मिळाला तर तीं मरतात. पेटींत तो मिळतोच.

म्हणजे शुक्रवारीं मासा स्वच्छ दिसला तो लसणीनें नव्हे. लसूण न देतां तो तसाच दिसला असता. रोग माशावरून उतरून वाळूंत गेला होता इतकेंच. पुढच्या आठवड्यांत तो दहापट होऊन परततो, आणि या वेळीं त्याची पहिली धाड कल्ल्यांवर पडते. तेव्हां ठिपके मोजण्यास सवड राहत नाहीं. मासा पृष्ठभागाशीं येऊन तोंडानें पाणी ओढतो आणि एखाद्या सकाळीं तळाशीं आडवा सांपडतो.

लसणीच्या बाजूनें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. हल्ला सौम्य असेल आणि मासा त्यांतून वांचला, तर त्याच्या अंगीं कांहींशी प्रतिकारशक्ति येते. प्रयोगांत ती सहा महिन्यांपर्यंत टिकल्याचें आढळलें आहे. त्यामुळें कांहीं पेट्यांतले मासे खरोखरच दोनतीन फेऱ्यांनंतर बरे राहतात, आणि मग त्यांच्या मालकाच्या हातीं त्या वेळीं जें औषध असेल त्यास यश येतें. परंतु जंतु पेटींत राहिलेला असतो. नवा मासा आणून टाकला कीं तोच पहिला बळी.

दुसरा शत्रु याहून भयंकर. त्यास इंग्रजींत मखमलीचें नांव आहे, कारण माशाच्या अंगावर बारीक सोनेरी पिठाची भुकटी धरल्यासारखी दिसते. अमायलूडिनियम ओसेलॅटम हें त्याचें नांव. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील मत्स्यालयाच्या माशांवर तो सांपडला, आणि १९३१ सालीं त्याचें वर्णन करणाऱ्या बाई म्हणजे वर ज्यांचें नांव आलें त्याच ब्राउन. बंदिस्त समुद्रांतले हे दोन मोठे शत्रु एकाच संशोधिकेनें नांवारूपास आणावेत, हा योगायोग मला मोठा विलक्षण वाटतो. तें मत्स्यालय पुढें २०१९ सालीं बंद झालें.

हा जंतु मुळासारखे धागे माशाच्या कल्ल्यांत रोवून बसतो. तळाशीं पडल्यावर त्याचीं २५६ पर्यंत पिलें होतात, आणि तीं कांहीं दिवस उपाशी पोहत राहूं शकतात. तो प्रथम कल्ल्यांतच वाढत असल्यानें अंगावर भुकटी दिसण्यापूर्वींच पुष्कळ मासे मरून जातात. कालपर्यंत हंसत खेळत असलेली पेटी दोनतीन दिवसांत रिकामी झाली, असें कोणीं सांगितलें तर पहिला संशय यावर घ्यावा. लक्षणें अशीं: मासा एकाएकीं खाणें सोडतो, उजेडापासून तोंड फिरवितो, पंपाच्या प्रवाहांत उभा राहतो, आणि त्याच्या कल्ल्यांचें झांकण भात्याप्रमाणें भराभर हलूं लागतें.

म्हणून माझी सूचना अशी कीं, मासा निरोगी असतांनाच घड्याळ हातांत घेऊन तो मिनिटाला किती वेळां कल्ले हलवितो तें मोजावें आणि वहींत लिहून ठेवावें. ठिपका दिसेपर्यंत वाट पाहणाऱ्यास उशीर होतो. श्वासाचा आंकडा दोन दिवस आधीं बोलतो. बाजारांतली गृहिणी कल्ले पाहते तें उगाच नव्हे.

तिसरा रोग क्लाउनफिशचा. ब्रुकलिनेला हॉस्टिलिस नांवाचा जंतु तो करतो. लोम आणि निग्रेली यांनीं १९७० सालीं त्याचें वर्णन केलें. याचे सुटे ठिपके नसतात. माशाचें अंग जागजागीं दुधाळ, चिकट थरानें झांकतें आणि तो थर चिंध्यांसारखा सुटूं लागतो. हा जंतु कवच करून तळाशीं जात नाहीं. माशाच्या अंगावरच एकाचे दोन होत राहतो, म्हणून वेग भयंकर. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे क्लाउनफिशची जोडी आली होती. दुसऱ्या दिवशीं अंगावर पांढरें दिसलें, दुकानदारानें पेटी न पाहतां पांढऱ्या ठिपक्यांचें औषध दिलें, आणि चौथ्या दिवशीं जोडी गेली. त्या रोगावर तांब्याचा उपयोग होत नाहीं. तेथें फॉर्मेलिन लागतें. परंतु फॉर्मेलिन हें मनुष्यासही घातक, कर्करोगास कारण होणारें द्रव्य आहे, आणि उष्ण पाण्यांत तें माशासही लवकर मारतें. म्हणून त्याचें प्रमाण मी येथून सांगणार नाहीं. तें मत्स्यवैद्यकाच्या जाणकाराकडूनच घ्यावें. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणीं हें शास्त्र शिकविलें जातें, तेव्हां जाणकार आपल्याकडे मुळींच नाहींत असें नाहीं.

चौथा प्रकार एकपेशीयांचा नव्हे, चपट्या कृमींचा. त्यांतील निओबेनेडेनिया हा कृमि मॅक्-कॅलम यांनीं १९२७ सालीं न्यूयॉर्कच्या मत्स्यालयांतील माशांवरून वर्णन केला. लांबी कांहीं मिलिमीटर, म्हणजे डोळ्यांस दिसण्याजोगी. परंतु अंग कांचेसारखें पारदर्शक, म्हणून माशावर बसलेला असतां तो दिसत नाहीं. माशाचे डोळे धुरकट होतात, तो अंग घासतो, आणि ठिपका मात्र कोठेंच नसतो. याची परीक्षा फार सुंदर आहे आणि मुलांस दाखविण्याजोगी आहे. बादलींत गोडें पाणी घ्यावें, त्यांतला क्लोरिन काढलेला असावा, उष्णमान पेटीइतकेंच असावें, खाण्याचा सोडा चिमूटभर घालून त्याचा क्षारधर्मही पेटीशीं जुळवावा, हवेची नळी सोडावी, आणि मासा तीनपासून पांच मिनिटें त्यांत ठेवावा. तो प्रथम गांगरून आडवा होईल. डोळ्यांत तेल घालून पाहत राहावें आणि फार ग्लानि दिसली तर तत्काळ बाहेर घ्यावा. थोड्याच वेळांत कृमि मरून दुधासारखे पांढरे होतात आणि तिळाच्या दाण्यांसारखे बादलीच्या तळाशीं पडूं लागतात.

असें कां व्हावें? समुद्रांतल्या जंतूच्या अंगांतील मीठ बाहेरच्या गोड्या पाण्याला आंत ओढून घेतें. कातडी पातळ, तेव्हां तो फुगून फुटतो. माशाचें तसें नाहीं. समुद्रांतल्या काटेरी माशाच्या रक्तांत मीठ समुद्राच्या सुमारें एक तृतीयांशच असतें. तो रात्रंदिवस समुद्राचें पाणी पितो आणि जास्त झालेलें मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. त्यामुळें थोडा वेळ गोड्या पाण्यांत तो तग धरतो. मात्र पांढऱ्या ठिपक्यांचा जंतु कातडीच्या आड दडलेला असल्यामुळें त्यास या स्नानाची झळ लागत नाहीं. ज्यांनीं ठिपक्यांवर गोड्या पाण्याचें स्नान घालून मासा उगाच दमविला, अशीं माणसें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत.

कृमींवर प्राझिक्वांटेल हें औषध चालतें. मनुष्याच्या पोटांतील पट्टकृमींवर दिलें जातें तेंच हें. लिटरला दोन ते पांच मिलिग्रॅम असें त्याचें प्रमाण असतें. परंतु कृमींचीं अंडीं त्यानें मरत नाहींत. आपल्या घरांतील आयांस याहून अधिक सांगण्याची जरूर नाहीं: उवा मेल्या तरी लिखा राहतात, आणि म्हणूनच आठवड्यानें पुन्हां डोकें धुवावें लागतें. येथेंही सुमारें आठवड्यानें दुसरी मात्रा देतात. या अंड्यांस बारीक धागे असतात आणि ते जाळीस अडकून बसतात. म्हणून एका पेटींतली जाळी दुसऱ्या पेटींत घालणें म्हणजे एकाची फणी दुसऱ्यानें वापरणें.

आणखीही कांहीं आहेत. यूरोनेमा हा कुजक्या अन्नावर जगणारा जंतु अशक्त माशाच्या मांसांत शिरतो आणि लाल व्रण करतो. एकदां आंत शिरल्यावर त्यास बाहेरचें औषध पोंचत नाहीं. ज्याच्याजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र असेल, त्यानें कांचेच्या पातळ पट्टीच्या कडेनें माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर किंचित खरवडून, समुद्राच्या पाण्याच्या थेंबांत ठेवून शंभरपट मोठा करून पाहावा. शाळेंतलें साधें यंत्रही पुरतें. गोल गोल फिरत राहणारा, काळसर, केसाळ तो ठिपक्यांचा. न हलणारा, लिंबोळीसारखा तो मखमलीचा. हृदयाच्या आकाराचा, कडेकडेनें सरकणारा तो क्लाउनफिशचा. एका थेंबानें चार दिवसांचा तर्क मिटतो.

आतां उपचार. पहिला नियम असा कीं, मुख्य पेटींत औषध घालूं नये. तेथें दगड, वाळू, कोळंबी, गोगलगायी, समुद्रफुलें हा सारा संसार असतो, आणि तांबें या बिनकण्याच्या प्राण्यांस विष आहे. शिवाय चुनखडीचे दगड तांबें शोषून घेतात. त्यामुळें औषधाचें प्रमाण राहत नाहीं, आणि तें पुढें केव्हां सुटून बाहेर येईल याचा नेम नसतो. रोगी मासे दुसऱ्या, अगदीं उघड्या पेटींत न्यावे: वाळू नाहीं, दगड नाहीं, लपण्यास नळाचे दोन तुकडे, आणि आधींपासून जंतूंनीं भरवून ठेवलेला स्पंज. येथें जंतु म्हणजे उपकारक. माशाच्या मलमूत्रांतला अमोनिया तेच पचवितात. हा स्पंज नसेल तर मासा रोगानें न मरतां अमोनियानें मरतो.

तांब्याचें औषध म्हणजे आपला मोरचूद. तो रसायनांच्या दुकानांतला शुद्ध घ्यावा. द्राक्षबागेवर फवारण्याचा नव्हे. एक ग्रॅम मोरचुदांत तांबें सुमारें पाव ग्रॅम असतें. तो एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यांत विरघळविला, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरांत पाव मिलिग्रॅम तांबें झालें. शंभर लिटरच्या पेटींत रोज २० मिलिलिटर याप्रमाणें तीन दिवस घातलें, म्हणजे ६० मिलिलिटर, तांबें १५ मिलिग्रॅम; लिटरला ०.१५ मिलिग्रॅम. हवें तें प्रमाण ०.१५ ते ०.२० च्या दरम्यान. त्याखालीं जंतु मरत नाहींत, फार वर गेलें तर मासा मरतो. ही वाट इतकी अरुंद असल्यामुळें तांबें मोजण्याचें साधन घरांत नसेल त्यानें या वाटेस जाऊं नये. रोज मोजावें, घटलें असेल तेवढेंच भरावें, आणि असें किमान तीन आठवडे चालवावें. पेटींत कोळसा असेल तर तो काढावा, कारण तो औषध खातो. बाजारांत दुसऱ्या द्रव्याशीं बांधलेल्या तांब्याचीं तयार औषधें मिळतात. त्यांस हें गणित लावूं नये, बाटलीवरचें प्रमाण पाळावें. तांबें आंत दडलेल्या ठिपक्यास कांहीं करीत नाहीं. तें मारतें पोहणाऱ्या पिलांस. म्हणूनच तीन आठवडे लागतात, आणि तिसऱ्या दिवशीं ठिपके गेले म्हणून औषध थांबविणारा फसतो.

क्लोरोक्विन, म्हणजे हिवतापाचें औषध, हेंही मखमलीवर आणि ठिपक्यांवर चालतें. तिन्ही जंतु, हिवतापाचा धरून, एकाच मोठ्या कुळांतले आहेत असें आतांचे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. तरी घरांतल्या गोळ्या कुटून पेटींत टाकूं नयेत. त्यांत इतर द्रव्यें असतात.

ज्यास औषधाची भीति वाटते त्यास ठिपक्यांच्या रोगावर आणखी दोन मार्ग आहेत. एक, मीठ कमी करण्याचा. दोन दिवसांत हळूहळू गोडें पाणी मिसळून मीठ लिटरला १६ ग्रॅमच्या खालीं आणावयाचें आणि तीनचार आठवडे तेथेंच ठेवावयाचें. तळाच्या कवचांतले जंतु बहुधा यानें मरतात. परत वाढवितांना याहूनही सावकाश वाढवावें. मखमलीच्या जंतूवर मात्र हा उपाय फुकट, कारण त्यास खारें आणि अर्धखारें दोन्ही मानवतें. तांबें आणि कमी मीठ हे दोन उपाय एकदम करूं नयेत. मीठ कमी असतां तांब्याचें विष वाढतें.

दुसरा मार्ग मला सर्वांत आवडतो, कारण त्यांत औषध मुळींच नाहीं, केवळ गणित आहे. दोन उघड्या पेट्या ठेवावयाच्या. मासा पहिलींत तीन दिवस, मग दुसरींत तीन दिवस, असें चार वेळां हलवावयाचें. आणि रिकामी झालेली पेटी प्रत्येक वेळीं धुऊन कडकडीत वाळवावयाची. ठिपका सात दिवसांत उतरतोच, आणि उतरलेल्याचीं पिलें तीन दिवसांच्या आंत सहसा निघत नाहींत. म्हणजे पिलें निघावयाच्या आधींच मासा तेथून गेलेला असतो, आणि त्यांच्या नशिबीं वाळलेली कांच येते.

साफसफाई करणारा मासा आणून ठेवा, असेंही पुष्कळ जण सुचवितात. लॅब्रॉइडिस डिमिडिएटस हा निळ्या पट्ट्यांचा लहानसा मासा दुसऱ्यांच्या अंगावरचे जंतु टिपतो, हें खरें आहे. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटाजवळ ग्रटर या बाईंनीं मोजमाप करून १९९६ सालीं दाखविलें कीं, असा एक मासा दिवसाला सुमारें १२०० परोपजीवी खातो. परंतु ते बहुतेक नॅथीड नांवाचे, डोळ्यांस दिसणारे कवचधारी किडे. कातडीखालचा ठिपका त्यास काढतां येत नाहीं. आणि पेटींत किडे नसल्यामुळें तो बिचारा स्वतःच उपाशी मरतो. रोगी माणसाची सेवा करावयास दुसऱ्यास उपाशी ठेवण्यासारखें हें आहे. मला तें मुळींच मान्य नाहीं.

नवा मासा आणला कीं तो चार ते सहा आठवडे वेगळ्या पेटींत ठेवावा, हा नियम सर्व पुस्तकांत असतो आणि सर्व घरांत मोडला जातो. मासा पिशवींतून काढून समोरच्या मोठ्या पेटींत सोडण्याचा मोह कठीण असतो, विशेषतः मुलें भोंवतीं उभीं असतांना. परंतु पिशवींतलें पाणीदेखील पेटींत ओतूं नये. नव्या गोगलगायी, दगड, शेवाळ यांवरही कवचें चिकटून येतात. त्यांसही तोच वेगळेपणा लागू आहे, फक्त त्यांच्या पेटींत मासा नसावा.

राहतां राहिला प्रश्न मुख्य पेटीचा, जिच्यांतून रोगी मासे बाहेर काढले आहेत. मासा बरा झाला म्हणून त्यास तत्काळ परत सोडूं नये. पेटींत एकही मासा न ठेवतां ती तशीच चालूं ठेवावी. सहा आठवडे ही अगदीं कमींत कमी मुदत. सावध माणसें ७२ दिवसांचा तो प्रयोग ध्यानांत धरून अडीच महिने थांबतात, आणि मी त्यांच्याच बाजूचा आहें. या काळांत कोळंबी व गोगलगायी यांस या जंतूंपासून भय नाहीं. त्यांस नेहमींप्रमाणें खाणें द्यावें, पाणी बदलावें, पंप चालूं ठेवावा. वाळूंतलीं कवचें एकामागून एक फुटत राहतात आणि पिलें मासा न मिळाल्यामुळें दुसऱ्या दिवसापर्यंत मरून जातात. दोन पेट्यांच्या जाळ्या, बादल्या आणि नळ्या वेगवेगळ्या ठेवाव्या, त्यांवर तेलरंगानें खुणा कराव्या, आणि रोगी पेटींत बुडविलेला हात धुऊन पुरता कोरडा केल्याखेरीज दुसऱ्या पेटींत घालूं नये.